कानाझावाच्या हिगाशी चायात मुक्काम करावा

जपानला जाणारी इंदूरची बहुतेक मराठी मंडळी तोक्यो आणि क्योतो एवढाच बेत आखतात. त्या बेतात कानाझावासाठी दोन रात्री अवश्य काढाव्यात आणि मुक्काम हिगाशी चाया या जुन्या वस्तीतच किंवा तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. २०१५ पासून शिंकानसेन ही अतिवेगवान रेल्वे तोक्योहून थेट कानाझावाला जाते, त्यामुळे प्रवास अडीच-तीन तासांत होतो.

कागा संस्थानावर राज्य करणाऱ्या माएदा घराण्याच्या काळात, १८२० मध्ये, शहरात विखुरलेली चायाघरे, म्हणजे गेइशा कलावंतिणींच्या मैफलींची चहागृहे, आसानो नदीपलीकडे एकत्र वसवण्यात आली आणि धनिक व्यापारी तेथे गेइशांचे गायन, वादन व नृत्य पाहण्यासाठी येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर मोठे हवाई हल्ले झाले नाहीत, म्हणूनच ही लाकडी घरे आज आपल्याला पाहायला मिळतात. त्यांपैकी 'शिमा' हे घर मुळीच चुकवू नये. सामान्य घरांना माडी बांधण्याची मुभा नसताना चायाघरांना ती होती, आणि शिमाच्या माडीवर गेले की त्या सवलतीचे मोल कळते. पाहुण्यांची खोली, तिला लागून कला सादर करण्याची खोली, आणि सामान ठेवायला एकही कपाट नाही. सारी माडी केवळ मैफलीसाठी राखलेली! रस्त्याकडच्या लाकडी जाळीच्या पट्ट्या तिरप्या तासलेल्या असल्यामुळे आतून बाहेरचे दिसते, पण बाहेरून आतले दिसत नाही. या बारकाव्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

जपानमधील ९९ टक्क्यांहून अधिक सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. अख्खा वर्ख चढवलेले आइस्क्रीम येथे सर्वत्र मिळते. चवीत फरक पडत नसला तरी वाऱ्याने थरथरणारा तो वर्ख पाहण्यासारखा असतो. मला मात्र चहाचे देठ भाजून केलेला 'कागा बोचा' हा चहा आणि सोबतची मिठाई अधिक आवडली. 'जिबुनी' हा येथील प्रसिद्ध पदार्थ बदकाच्या मांसाचा असतो. नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी जेवणाची चौकशी आधीच करावी.

आपला इंदूरचा सराफा बाजार सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर खाण्यापिण्याने गजबजतो, तर हिगाशी चायातील बहुतेक दुकाने पाचच्या सुमारास बंद होतात आणि गर्दी ओसरते. दिवसभर डोक्यांआड दडलेल्या जाळ्या तेव्हा कुठे सलग दिसतात, आणि त्यासाठीच मुक्काम जवळ हवा. जुन्या घरांची निवासस्थाने येथे मिळतात. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटयांवर, गादी घालून झोपावे लागते आणि जिने उभे असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी खोली तळमजल्यावर मागावी किंवा स्थानकाजवळच्या हॉटेलात उतरून बसने यावे.