पेठ कुठली तुमची?

मेलबर्नला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहात दूध ओतत होतो, तेवढ्यात बाजूच्या माणसानं विचारलं, "हू डू यू बॅरक फॉर?" मला एकच बरॅक माहीत, पोलिसांची. म्हटलं, मी भाड्यानं राहतो, हॉपर्स क्रॉसिंगला. तो इतका हसला की बिस्किट घशात अडकलं त्याच्या. मग त्यानं समजावलं: फुटीत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, तू कुणाच्या बाजूचा?

एकदा कळल्यावर मात्र प्रश्न घरचाच वाटला. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्याकडं नवा माणूस भेटला की नाव नंतर, आधी "पेठ कुठली तुमची?" उत्तर शिवाजी पेठ आलं तर पुढचं बोलणं जरा बेतानंच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की आई सकाळीच बजावायची, येताना त्यांच्या पेठेतनं येऊ नको. बाकी महाराष्ट्र क्रिकेट खेळत होता तेव्हा आम्ही तालमीतल्या पोरांचा फुटबॉल बघत मोठे झालो. तेव्हा "कुठलीच नाही" हे उत्तर चालत नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं.

मी विचारलं, इथं सगळ्यात जास्त शिव्या कुठल्या टीमला पडतात? तो म्हणाला, कॉलिंगवूड. म्हटलं, मग मी त्यांचाच.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटबॉल म्हणतात, पण चेंडू लंबगोल. हातानं धरायचा, मुठीनं ठोसून पास द्यायचा, लाथेनं मारायचा. एका बाजूला अठरा खेळाडू. मैदान क्रिकेटचंच, कारण खेळच मुळात क्रिकेटवाल्यांचा: हिवाळ्यात खेळाडूंचं अंग सुस्तावू नये म्हणून काहीतरी काढा, असं टॉम विल्स या क्रिकेटपटूनं १८५८ मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि १८५९ मध्ये नियम कागदावर आले. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं मारलेला चेंडू गेला की गोल, सहा पॉइंट. उंच आणि बुटक्या खांबांच्या मधून गेला तर 'बिहाइंड', एक पॉइंट. म्हणजे चुकलात तरी एक पॉइंट पदरात पडतो. खांबांमागे उभा असलेला गोल अंपायर गोलला दोन्ही हातांची दोन बोटं दाखवतो आणि दोन पांढरे झेंडे हलवतो. बिहाइंडला एक बोट, एक झेंडा. हे एक बोट लक्षात ठेवा.

कॉलिंगवूड ही बुटांच्या कारखान्यांतल्या मजुरांची जुनी वस्ती. कार्लटन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, मध्ये फक्त फिट्झरॉय. पण कार्लटनच्या पाठीराख्यांत मेन्झीज आणि फ्रेझर असे दोन पंतप्रधान, आणि आमच्यावरचे विनोद आमच्या पडलेल्या दातांवर. आज दोन्ही वस्त्यांत मजुराला घर परवडत नाही, कॉफीलाही तो दोनदा विचार करेल. वैर मात्र तसंच आहे.

आणि माझं नशीब असं की भिंतीला भिंत लागून राहतो तो माणूस कार्लटनवाला. दक्षिण इटलीतून लहानपणी आई-बापाबरोबर बोटीनं आलेला, कार्लटनमध्येच वाढलेला, म्हातारपणी स्वस्त घर बघून आमच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आलेला. त्यांची नात त्यांना नोन्नो म्हणते, म्हणून माझी पोरगीही नोन्नो म्हणते, आणि म्हणून आता मी आणि बायकोही. परसात अंजिराचं झाड, टोमॅटोचे वाफे, आणि शेडमध्ये एक रेडिओ. मॅच ते टीव्हीवर बघत नाहीत. टीव्हीवर सगळं दिसतं, म्हणतात, मग हरल्यावर दोष कुणाला द्यायचा?

त्यांची एक गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकलीय. १९७० ची फायनल. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, मैदानात १,२१,६९६ माणसं, त्यातला एक मुलगा म्हणजे नोन्नो, बापाच्या बाजूला. हाफ टाइमला कार्लटन ४४ पॉइंटनी मागं. बाप म्हणाला, ट्रामला गर्दी व्हायच्या आत निघू या. मुलगा हलला नाही. मग राखीव बाकावरून टेड हॉपकिन्स नावाचा पोरगा आत आला, चार गोल मारले त्यानं, आणि कार्लटननं फायनल दहा पॉइंटनी मारली. इथं आल्यावर नोन्नो थांबतात, माझ्याकडं बघतात आणि इटालियनमध्ये आकडा म्हणतात: क्वारान्ताक्वात्रो. चव्वेचाळीस. मला येणारा हा एकमेव इटालियन शब्द.

तर २१ ऑगस्ट २०२२, रविवार. साखळीतला शेवटचा सामना, एमसीजी म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन. त्या मोसमात कार्लटन पहिल्या दहांपैकी आठ सामने जिंकून बसलं होतं आणि मग घसरत घसरत शेवटच्या दिवसापर्यंत आलं होतं. फायनल्स, म्हणजे बाद फेरी, वरच्या आठांनाच; त्या आठात राहायला त्यांना विजय हवा होता. नुसती बरोबरीसुद्धा पुरली असती. त्याच दुपारी टास्मानियात वेस्टर्न बुलडॉग्जनी हॉथॉर्नला हरवून ठेवलं होतं, ते आठव्या जागेवर डोळा ठेवून बसलेले. आम्ही आदल्या वर्षी अठरात सतरावे होतो. नवा कोच क्रेग मॅक्रे आला आणि या वर्षी कुणाला कळायच्या आत आम्ही थेट वर.

मी आणि माझी पोरगी वेरिबी लाइनची गाडी पकडून फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरलो आणि नदीकाठानं, मग विल्यम बराक पुलावरून चालत गेलो. तिच्या गळ्यात काळा-पांढरा स्कार्फ, वय वर्षं अकरा. माझ्या गळ्यात काही नाही. कोल्हापूरची सवय: समोरच्या पेठेची माणसं आसपास असताना रंग दाखवायचा नाही. आणि इथं तर माणसं वेगळी बसवतच नाहीत! आमच्याकडं स्टेडियमवर बंदोबस्त, दोन तालमींचे पाठीराखे दोन बाजूंना. इथं ८८,२८७ माणसं नुसती खिचडी करून बसवलेली. माझ्या उजव्या हाताला पोरगी, तिच्या पलीकडं गडद निळा स्वेटर घातलेल्या साठीच्या बाई, कार्लटनच्या. बाईंच्या मांडीवर गरम चिप्सचा डबा.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये कार्लटननं आम्हाला धू धू धुतलं. क्वार्टर संपला तेव्हा ते २४ पॉइंटनी पुढं. चार गोल. बाई भलत्याच खुशीत. प्रत्येक गोलला पोरीपुढं डबा धरायच्या, घे बाळ, घे. पोरगीही घेत होती, बापाचं तोंड पडलेलं असताना. मी तिला मराठीत म्हटलं, शत्रूचं मीठ खातेस होय गं? ती म्हणाली, बाबा, व्हिनेगर पण आहे.

शेवटचा क्वार्टर मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. कॉ-लिंग-वूड, कॉ-लिंग-वूड, असा तो संथ गजर सुरू झाला. ओरडणं नसतं ते, जड काहीतरी ढकलताना मजूर लावतात तसला ताल असतो त्याला. चोवीसाचे अठरा झाले. मग आणखी कमी. प्रत्येक वेळी कार्लटनच्या हातात चेंडू अडकला की आमच्या मागची अख्खी रांग "बॉऽऽल!" म्हणून अंपायरवर ओरडायची, चेंडू धरून ठेवल्याचा गुन्हा असतो तो, पण आमच्या बाजूला कायदा कुणी वाचलेला नसतो. निक डायकॉस, एकोणीस वर्षांचं पोर, पहिलाच मोसम, गर्दीतून असा निघायचा की जणू त्याला एकट्यालाच रस्ता माहीत आहे. आणि मग जेमी एलियट. चारच आठवड्यांपूर्वी एसेंडनविरुद्ध सायरन वाजल्यावर किक मारून यानं सामना जिंकून दिला होता. पुन्हा तोच. त्याची किक सुटली तेव्हा मी गोल अंपायरकडं बघत होतो, चेंडूकडं नाही. दोन बोटं.

आम्ही पुढं. एका पॉइंटनं.

त्यानंतरची मिनिटं मी उभ्यानं काढली. पोरीनं स्कार्फचं टोक तोंडात धरलेलं. आणि मला दिसलं, बाईंनी चिप्सच्या डब्याचं झाकण लावलंय. निम्म्या चिप्स आत होत्या. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या बसल्या होत्या, हॉस्पिटलात बाहेर बसलेल्या माणसासारख्या.

सायरन. कॉलिंगवूड ११.९ (अकरा गोल, नऊ बिहाइंड), म्हणजे ७५. कार्लटन १०.१४, म्हणजे ७४.

हा स्कोअर नीट वाचा. चौदा बिहाइंड. चौदा वेळा चेंडू चुकून बाजूला गेला होता. आणखी एकदा, फक्त आणखी एकदा चुकला असता, तर बरोबरी, आणि कार्लटन फायनल्समध्ये. गोल नको होता, एक चूक जास्त हवी होती. आठवी जागा बुलडॉग्जना गेली, तीही जेमतेम टक्केवारीवर, मारलेल्या आणि खाल्लेल्या पॉइंटांच्या.

बाई उठल्या, डबा पोरीच्या हातात दिला, "तूच संपव" म्हणाल्या आणि जिन्यानं उतरून गेल्या.

बाहेर आल्या आल्या मी कोल्हापूरला दादाला फोन लावला. तिकडं दुपारचे दीड-दोन, रविवारचं मटण अंगावर आलेलं.

"दादा, एका पॉइंटनं मारली!"

"कुणाला?"

"कार्लटनला."

"ते कोण?"

"शिवाजी पेठ समज."

पलीकडं क्षणभर शांतता, मग, "एका पॉइंटनं? नाद खुळा! शेवटच्या दिवशी?"

"शेवटच्या दिवशी. आणि त्यांची फायनल्सची जागा गेली."

"लई भारी. गुलाल?"

गुलाल नव्हता. हलगी नव्हती. पण गाडीत माणसं अशी कोंबलेली की पाय टेकायला जागा नाही, आणि वेरिबी लाइनवरच्या त्या डब्यात क्लबचं गाणं चार वेळा झालं. पोरगी माझ्या काखेखालून गात होती.

खरी गोष्ट सांगतो. त्या विजयानं आम्ही चौथे आलो, म्हणजे फायनल्समध्ये एक सामना हरलो तरी दुसरी संधी. हे फार मोठं होतं. पण मला ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. रात्रभर डोक्यात एकच: कार्लटन नववं. माझी आजी सवतीवरची एक म्हण वापरायची, ती इथं लिहिण्याजोगी नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना आत्ता आठवली असेल. पुढच्या वर्षी, २०२३ ला, आम्ही ब्रिस्बेनला चार पॉइंटनी हरवून कपच जिंकला. त्यानं आमचे सोळा कप झाले, कार्लटनइतके. मी रडलोसुद्धा. तरी कुणी विचारलं की आवडता विजय कुठला, तर माझ्या तोंडून ७५-७४ च निघतं.

२०२२ च्याच ऑक्टोबरात त्याच मैदानावर भारत-पाकिस्तान झाला, विराटच्या ८२ धावांचा. फुटीसाठी उचलून बाहेर ठेवलेली खेळपट्टी परत बसवलेली, आणि ९०,२९३ माणसं. तिथं मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पण परत आलो तेव्हा शेजारी पाकिस्तानी राहत नव्हता.

शेजारी नोन्नो राहतात. त्या रविवारी रात्री घरी आलो तर त्यांच्या शेडमधला दिवा बंद. मी काय केलं असेल? पोरीचा स्कार्फ घेतला आणि दोन घरांमधल्या कुंपणावर बांधला, त्यांच्या बाजूला तोंड करून. बायको म्हणाली, लाज वाटत नाही? त्यांनी उन्हाळाभर आपल्याला टोमॅटो दिलेत. अकरा वाजता झोप येईना म्हणून उठून सोडून आणला. उशीर झाला होता. सकाळी कुंपणाच्या त्या फळीवर, बरोबर त्याच जागी, एक चुरगळलेला कागद खोचलेला होता. उघडला. आत फक्त आकडा: ४४.

आठ-नऊ दिवस नोन्नो बोलले नाहीत. ३१ ऑगस्टला गणपती आले. बायकोनं उकडीचे मोदक केले आणि ताट माझ्या हातात दिलं, तूच जा. गेलो. त्यांनी एक मोदक उचलला, उलटापालटा करून बघितला, राव्हिओली, म्हणाले, आणि खाल्ला. मग दुसरा. तिसरा खाताना विचारलं, "तुमचा हा देव कुणाच्या बाजूचा?" मी म्हटलं, "तो सगळ्यांचाच." "असं सगळेच म्हणतात," म्हणाले, "जिंकल्यावर."

फायनल्समध्ये आम्ही जीलॉंगकडून सहा पॉइंटनी हरलो, ती दुसरी संधी वापरून फ्रीमँटलला हरवलं आणि प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे सेमीफायनलसारख्या सामन्याला, सिडनीला पोचलो. १७ सप्टेंबर, शनिवार. शेवटच्या क्वार्टरमध्ये पुन्हा तोच प्रकार, आम्ही मागून पुढं पुढं येत चाललेलो, पोरीच्या तोंडात पुन्हा स्कार्फ. सायरन झाला तेव्हा सिडनी ९५, कॉलिंगवूड ९४.

घरात कुणी बोललं नाही. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडं ढकलत नेला. नोन्नोंचा डबा आधीच बाहेर होता, आणि त्याच्या मागं, दोन डब्यांच्या बरोबर मध्ये, नोन्नो उभे. ताठ. अंगात बहुधा फार्मसीतल्या कुणाचा तरी जुना पांढरा कोट. किती वेळ थांबले होते कुणास ठाऊक. मी जवळ गेल्यावर त्यांनी उजवा हात सावकाश पुढं केला आणि एक बोट दाखवलं. मग खिशातून किचनमधला पांढरा नॅपकिन काढला, आणि तो एकच झेंडा, एकदा इकडं, एकदा तिकडं, गंभीर चेहऱ्यानं हलवला.