दिवाडीची फेरी

नोव्हेंबर संपत आला की मला अजूनही फेरीबोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू येते. वसईतल्या आमच्या धर्मग्रामाचं मंडळ दरवर्षी संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जुन्या गोव्याला जायचं. सण ३ डिसेंबरचा, नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून. त्या नऊ दिवसांतला शनिवार-रविवार धरून तीस-चाळीस माणसं रात्रीच्या गाडीत बसायची आणि सकाळी करमळीला उतरायची. शनिवार जुन्या गोव्याचा, रविवार दिवाडी बेटाचा. निघायचो शनिवारसाठी, पण घरी आल्यावर महिनाभर बोलायचो ते रविवारबद्दल.

शनिवारी गर्दी असे. बॉम जेझू चर्चच्या गिलावा नसलेल्या लालसर दगडी भिंतीसमोर मांडव, ध्वनिवर्धकावर कोंकणी मिस्सा, मेणबत्त्यांचा वास, खाजं विकणाऱ्यांचे ठेले. आत संताच्या देहाची चांदीची पेटी इतकी उंचावर की मान वर करून जेमतेम दोन क्षण बघायचं आणि मागच्याला जागा द्यायची. तेवढ्यासाठीही डोळे भरून यायचे, माझे अजून येतात. पण मनातलं काही सांगायला तिथे सवड मिळायची नाही. ती दिवाडीवर मिळायची.

सकाळची मिस्सा झाली की व्हाइसरॉयच्या कमानीखालून सगळे धक्क्यावर. बेटावर जायला पूल नव्हता, फेरीबोट हाच रस्ता. पायी माणसाला तिकीट नाही. दुचाक्या आधी चढायच्या, मग आम्ही कठड्याला टेकून उभे. जेमतेम पाच-सात मिनिटांचा प्रवास, पण तेवढ्यात लाल लुगड्यातल्या एक मावशी पिशवीतून पत्र्याचा डबा काढायच्याच. डब्यात सुकेळी: राजेळी केळी उन्हात सुकवून वाळक्या पानात घट्ट बांधलेली. पान सोडलं की बोटं चिकट व्हायची आणि गुळासारखा वास यायचा. मांडवी नदीच्या मधोमध खाल्लेल्या त्या सुकेळ्याची चव मला घरी कधीच लागली नाही.

पलीकडे उतरलो की आवाज एकेक करून गळून पडायचे. आधी बोटीचं इंजिन, मग दुचाक्या, मग आमचं बोलणं. कुणी ‘शांत राहा’ असं सांगायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजणाची शेतं, कडेला तिवरं, पाण्यात स्थिर उभे बगळे. एका वर्षी आमच्यातल्या वाडीवाल्या काकांनी सगळ्यांना बांधावर थांबवून मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, दाखवली. भरती आली की नदीच्या पाण्याच्या रेट्यानेच लाकडी दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याने तीच दारं उघडतात. काका गुडघ्यावर बसून त्या ओल्या फळीवर हात फिरवत राहिले. शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याचं काम इतक्या मायेने न्याहाळलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग पिएदादची टेकडी. वर करुणामातेचं चर्च. याच बेटावर कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते पाडलं गेलं, देव नदीपल्याड नार्व्याला गेला आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. फादर हे दरवर्षी सांगायचे. काहीही न लपवता सांगायचे, याचं मला आजही मोल वाटतं. त्यानंतर पायऱ्यांवर बसून जपमाळ व्हायची.

२००४ साली दर दहा वर्षांनी येणारा शवदर्शन सोहळा होता. संताचा देह से कॅथेड्रलमध्ये ठेवलेला, रांग तासन् तास हलत नव्हती. डब्यावाल्या मावशींचे गुडघे तोवर पार गेले होते. अर्ध्या रांगेतून त्यांना मागे फिरावं लागलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टेकडी त्या कशा चढल्या त्यांनाच ठाऊक, दोन पोरींच्या खांद्यांवर हात टाकून, दर वळणाला थांबत. वर आल्यावर नदीपलीकडे से कॅथेड्रलचा पांढरा, एकच उरलेला मनोरा झाडांतून दिसला. मावशींनी पदर डोक्यावर घेतला. “हा दिसला की. आता माझं झालं,” म्हणाल्या आणि जपमाळ संपेपर्यंत त्यांनी तिकडून नजर काढली नाही.

त्याच दुपारी फादरांनी संताच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगितली. चीनच्या किनाऱ्याजवळचं सांचियान बेट, साल १५५२. मुख्य भूमीवर नेण्याचं एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केलेलं, त्याच्या बोटीची रोज वाट बघणं चाललेलं. बोट आली नाही. ताप आला. ३ डिसेंबरला संत तिथेच गेला, वय ४६. जवळ अंतोनियो नावाचा चिनी सोबती होता. एवढ्या समुद्रांवरून हिंडलेला माणूस शेवटी एका लहान बेटावर, पलीकडचा किनारा बघत. ऐकून कुणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी धक्क्यावर आलो तेव्हा फेरी नुकतीच सुटली होती. एरवी पोरं कुरकुरली असती. त्या दिवशी सगळे गप्प बसून राहिले. मावशींनी डबा उघडला, तळाशी दोनच सुकेळी उरली होती. त्यांनी नखाने त्यांचे बारीक तुकडे केले आणि पलीकडून दिवा लावून येणाऱ्या बोटीकडे बघत एकेकाच्या तळहातावर ठेवत गेल्या.