गरोदरपणात खर्रा सोडताना : माझा अनुभव

ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात रोवणीला जाणाऱ्या बहुतेक बायांच्या कमरेला खर्र्याची पुडी खोचलेली असते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा गालात धरला की भूक मरते आणि चिखलात दिवसभर वाकून राहता येते. मीही याच कारणाने लग्नानंतर तो खाऊ लागले. बाईने बिडी ओढली तर गाव नावे ठेवते, पण खर्र्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

दिवस राहिल्यावर पहिल्यांदा उपकेंद्रात नाव नोंदवायला गेले, तेव्हा वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाल्यावर नर्सबाईंनी सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले आणि मगच मला विचारले, "ताई, दिवसाला किती खर्रे लागतात? उठल्यावर पहिला किती वेळाने लागतो?" त्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता, म्हणून मी खरे ते सांगितले. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते आणि बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी समजावले. तंबाखू चघळली काय आणि ओढली काय, निकोटीन रक्तात जातेच, हेही तेव्हाच कळले.

सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस फार कठीण गेले. डोके ठणकायचे, पोट साफ होत नसे, आणि लेकराने साधे पाणी मागितले तरी मी त्याच्यावर खेकसायची. तलफ आली की ती काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवून ठेवा, असे नर्सबाईंनी सांगितले होते; त्यामुळे पदराच्या गाठीत भाजलेली बडीशेप आणि वाळलेला आवळा बांधून ठेवत असे, घोटघोट पाणी पीत असे आणि पुडी काढणाऱ्या बायांपासून दूरच्या बांधीत रोवायला उभी राहत असे. निकोटीनचे चुइंगम गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नका, असेही त्यांनी बजावले होते. धीर सुटेल असे वाटले, तेव्हा आशाताईंनी त्यांच्या फोनवरून १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी क्रमांक लावून दिला.

माझ्या मते खरी मदत झाली ती घरच्यांना सोबत घेतल्याने. ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला नर्सबाईंनी मालकांनाही बोलावून घेतले आणि बिडीचा धूरही गरोदर बाईला व बाळाला बाधतो, हे त्यांना तोंडावर सांगितले. तेव्हापासून ते बिडी अंगणापलीकडे ओढू लागले आणि सासूबाईंनी आपला खर्रा माझ्यासमोर घोटणे थांबवले. एकटीच्या निर्धारावर हे जमले असते, असे मला वाटत नाही.

पुढच्या प्रत्येक तपासणीत तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि कोणीतरी विचारणार आहे याचाही मोठा आधार होता. बाळाचे वजन अडीच किलोच्या वर भरले. त्यात लोहाच्या गोळ्यांचा आणि आहाराचाही वाटा असणार, हे मी जाणते. बाळंतपणानंतर जागरणांमुळे तलफ पुन्हा उसळली, पण निकोटीन अंगावरच्या दुधातून बाळाकडे जाते हे माहीत होते, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आशाताई घरी येऊन बाळाला तपासताना माझीही चौकशी करत होत्या.