वीस ग्रॅम कोंबडी

नाशिकला जानेवारीत पहाटेचा गारठा हाडात शिरतो, आणि उघड्यावर राहणारी जनावरे त्या दिवसांत दवाखान्यात आणली जातात ती बहुधा फार उशिरा. त्या सोमवारी सकाळी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि तिच्या सोसायटीचे वॉचमन काका द्राक्षांचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर पालथे घालून, सुतळीने आवळून घेऊन आले. आत मांजर होते. क्रेट टेबलावर ठेवण्याआधीच वास आला. सतरा वर्षे कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस केल्यावर वास पुवाचा आहे की अळ्यांचा, हे नाकालाच कळते. हा पुवाचा होता. अळ्या नव्हत्या, थंडीमुळे माश्या कमी असल्याचा तेवढा एक फायदा तिला मिळाला होता.

दातांवरून मांजरी साधारण दीड वर्षाची वाटत होती. या वयाची आपल्याकडची मादी तीन-साडेतीन किलोची असते. हिचे वजन १.९ किलो भरले. पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक करून बोटाला लागत होते. शरीराचे तापमान ९६.२ अंश फॅरनहाइट होते, जे निरोगी मांजरात १००.५ ते १०२.५ असते. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. रक्तातील लाल पेशींचे प्रमाण किमान ३० टक्के असायला हवे, ते १८ होते. डावा पुढचा पाय ती पोटाशी धरून होती आणि तिथे हात नेला की एवढ्या अशक्तपणातही फिस्कारत होती. मुलीच्या मनगटावर ओरखडे होते. तिला आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे हात धुवायला लावले आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जाण्यास सांगितले. मांजर चावले किंवा ओरखडले तर रेबीजची भीती नसते, असे समजणारी सुशिक्षित माणसे मला अजूनही दर महिन्याला भेटतात.

“आम्ही सगळे तिला रोज दूध-पोळी घालतो,” मुलगी रडवेली होऊन सांगत होती. “खालच्या आजी तर दोन वेळा घालतात. तरी ती वाळतच गेली.” तिचा प्रत्येक शब्द खरा होता. दूध-पोळीने मांजर वाचत नाही, हे मी जितक्या वेळा सांगितले असेल तितक्या वेळा दुसरे काहीही सांगितलेले नाही. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. डोळ्याच्या पडद्याला आणि हृदयाच्या स्नायूला लागणारे टॉरिन नावाचे पोषकद्रव्य तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, आणि पोळीत ते नसते. त्याच्या अभावी मांजरे आंधळी होतात हे १९७५ मध्ये, आणि त्यांचे हृदय फुगून निकामी होते हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तरीही आपल्या बालगीतांतली मांजर दूधच पिते आणि आपल्या अंगणातल्या वाटीतही दूधच असते. शिवाय वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, त्यांना जुलाब होतात. निरोगी मांजर उंदीर, पाली, चिमण्या मारून ही उणीव भरून काढते. हिला पाय टेकवता येत नव्हता म्हणजे शिकार करता येत नव्हती, म्हणून ती त्या वाटीवरच अवलंबून होती. आदल्या रात्री कोणी तरी तिच्या दुधात तापाची अर्धी गोळी कुस्करून घातली होती, असेही बोलता बोलता कळले. तिने वास घेऊन तोंड फिरवले म्हणून ती वाचली. पॅरासिटामॉल निकामी करण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते, आणि माणसाची एक साधी गोळी पूर्ण वाढलेल्या मांजराला पुरते मारू शकते.

थंड पडलेल्या जनावराला आधी खायला घालायचे नसते, कारण गार आतडे हलत नाही आणि पोटात गेलेले अन्न तिथेच कुजते. म्हणून पहिले दोन तास आम्ही केवळ तिला ऊब दिली: टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या, कोमट केलेले सलाइन आणि रक्तातील साखर ५८ पर्यंत उतरली होती म्हणून त्यात थोडे डेक्स्ट्रोज. पुढच्या पायाची शीर दोऱ्यासारखी बारीक झाली होती. बारीक, पिवळ्या रंगाची सुई तिसऱ्या प्रयत्नात आत गेली. तापमान ९९ च्या वर आल्यावर गुंगीचे हलके इंजेक्शन दिले, जखमेभोवती अगदी मोजून भूल दिली, कारण लिग्नोकेनचा डोस मांजराला चटकन जास्त होतो, आणि काखेतला चिकटलेला केसांचा गठ्ठा कापायला घेतला.

केसांखाली खपली, खपलीखाली पू, आणि पुवाखाली मांसात रुतून बसलेली लाल नायलॉनची दोरी होती. लहान पिलाच्या गळ्यात कोणी तरी ती बांधली होती. पिलू वाढले, दोरी वाढली नाही. ती काढण्याच्या खटपटीत कधी तरी डावा पाय तिच्यातून बाहेर आला असावा, आणि मग गळ्यातला फास खांद्यावरून काखेखाली असा तिरका बसून प्रत्येक पावलागणिक करवतीसारखा कापत गेला. दोरी पूर्ण निघाली तेव्हा तिच्या टोकाला काळे पडलेले एक पितळी घुंगरू होते.

ते ट्रेमध्ये पडल्याचा आवाज ऐकून दाराशी उभी असलेली ती मुलगी आत आली आणि पाहताच म्हणाली, “हे तर आजींच्या नातवाने बांधलेलं. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. आजींनीच ओवून दिलं होतं त्याला.” मी तिला हे आजींना न सांगण्याची विनंती केली. ती विनंती योग्य होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यानंतरची गोष्ट आमच्या दवाखान्यातली आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर खाऊ घातले तर ते मरू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांना हे कळले, आणि मांजरांतही तसेच घडते. अन्न येताच इन्शुलिन वाढते, ते रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींच्या आत ओढून घेते. उपासमारीत या क्षारांचे साठे आधीच संपलेले असतात, त्यामुळे रक्तातली पातळी कोसळते. फॉस्फरस नसेल तर लाल पेशी स्वतःचे आवरण टिकवू शकत नाहीत आणि फुटतात. म्हणून अशा जनावराला किती खायला द्यायचे याचा हिशेब असतो: वजनाला तीसने गुणायचे, त्यात सत्तर मिळवायचे, तेवढ्या कॅलरी म्हणजे तिची दिवसाची विश्रांतीची गरज, आणि पहिल्या दिवशी तिचा फक्त चौथा भाग द्यायचा. हिचे उत्तर ३२ कॅलरी आले. म्हणजे वीस ग्रॅम उकडलेली कोंबडी, तीही दिवसभरात सहा वेळा विभागून. प्रत्येक वेळी तिच्यापुढे अंगठ्याच्या नखाएवढे दोन-तीन तुकडे येत होते, ती ते गिळून पिंजऱ्याच्या गजांवर डोके घासत आणखी मागत होती, आणि ते दृश्य कोणालाही बघवत नव्हते.

रात्रपाळीच्या आमच्या सहायकालाही ते बघवले नाही. बारा वर्षे जनावरांची उस्तवार करणारा, रडणाऱ्या पिलाला शर्टात घेऊन झोपणारा हा माणूस आहे. मंगळवारी रात्री त्याने तिला वाटीभर कोंबडी घातली. बुधवारी सकाळी ती अंग चाटत बसली होती, दवाखान्यात सगळ्यांना आनंद झाला, आणि मीही रात्रीचा तक्ता न पाहता तिला थोपटून पुढच्या रुग्णाकडे वळले. संध्याकाळी पाहिले तेव्हा तिची मान खाली गळून हनुवटी छातीला टेकली होती. मांजराचे पोटॅशियम उतरले किंवा बी-वन जीवनसत्त्व संपले की मान अशी पडते. बी-वन आम्ही पहिल्या दिवसापासून देत होतो, म्हणून शंका लगेच पोटॅशियमवर गेली. पिंजऱ्यातल्या ट्रेमध्ये लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती, म्हणजे लाल पेशी फुटू लागल्या होत्या. सोमवारी ३.६ असलेला फॉस्फरस १.२ वर आला होता, आणि लाल पेशी १८ वरून १३ वर.

फॉस्फेटचे इंजेक्शन जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात ते लागते हे ठाऊक असल्याने अशा एका रुग्णालयाजवळच्या मेडिकलमधून रात्री साडेनऊला ते मिळवले. ते रिंगर लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या क्षारांच्या द्रावणात मिसळता येत नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन साका बसतो. म्हणून आधीची बाटली काढून साधे सलाइन लावावे लागले. पंपावर थेंबांची गती लावून मी रात्रभर तिच्याजवळ बसले. रक्त द्यावे का, हा प्रश्न दोन वाजेपर्यंत डोक्यात होता. माणसाप्रमाणे मांजरांनाही रक्तगट असतात, आणि दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये त्यांच्या रक्तात नैसर्गिकरीत्याच असतात, त्यामुळे पहिल्याच वेळी चुकीचे रक्त गेले तरी जीव जाऊ शकतो. मांजरांची रक्तपेढी मला जवळपास कुठेही उपलब्ध नव्हती, गट तपासण्याचे किट नव्हते. मी थांबले. पहाटे लाल पेशी १३ वरच होत्या, आणि त्या उतरल्या नाहीत यालाच मी सुधारणा मानले.

सहायकाने विचारताच सगळे खरे सांगितले. त्याच्यावर रागावण्यासाठी तोंड उघडले तेव्हा पिंजऱ्यावर मीच लावलेला कागद समोर होता. त्यावर इंग्रजी आद्याक्षरांत, “गरजेच्या २५ टक्के, सहा भागांत” अशा अर्थाचे तीन तुटक शब्द मी खरडले होते. जास्त दिले तर ती मरेल, हे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते आणि ते मी त्याला तोंडीही सांगितले नव्हते. डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहायचे आणि रात्रभर जनावराजवळ राहणाऱ्या माणसाने ते समजून घ्यायचे, ही पद्धत आमच्या सगळ्याच दवाखान्यांत रुळलेली आहे आणि ती घातक आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे पिंजऱ्यावरची सूचना मराठीत, पूर्ण वाक्यात आणि कारणासह लिहिली जाते.

शुक्रवारी फॉस्फरस ३ च्या वर स्थिरावला आणि आम्ही पुन्हा वीस ग्रॅमपासून सुरुवात केली. आठवड्याने ती पूर्ण खुराकावर आली. काखेची जखम मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत पुरली. या जागेची जखम इतर कुठल्याही जखमेसारखी भरत नाही, कारण पाऊल टाकले की कातडी मागे-पुढे सरकते आणि खाली पोकळी तयार होत राहते. बाराव्या दिवशी मी कुजका काठ कापून, आतल्या थरापासून एकेक थर शिवत आणला. त्यानंतर पाचव्या दिवशी मागचा कोपरा उघडला. पुन्हा तीन आठवडे मधाचे ड्रेसिंग, लहान पिंजरा, गळ्यात प्लास्टिकचा कोन, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया. या वेळी दोन्ही बाजूंची कातडी खालून दूरवर मोकळी करून घेतली, म्हणजे टाक्यांवर ताण उरला नाही. तो टाका धरला. सतरा वर्षांत मला ज्या मोजक्या शिवणींचा अभिमान वाटतो, त्यांत ही एक आहे. त्याच भुलीत तिची नसबंदीही केली.

आजी फेब्रुवारीपासून दर गुरुवारी रिक्षाने येत होत्या. त्यांनीच तिचे नाव मनी असल्याचे सांगितले, आणि मार्चमध्ये तिला घरी नेले ते गच्चीवर नव्हे, आपल्या खोलीत. दूध बंद करून अंडे आणि उकडलेली कोंबडी द्यायला त्या माळकरी बाईंनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही. शेजारची ती मुलगी शिजवून आणून देते. घुंगरू माझ्या टेबलाच्या खणात होते. त्यांच्या आनंदात ते आणू नये, असे मी स्वतःला सांगत होते. पण मागच्या गुरुवारी त्या म्हणाल्या की पार्किंगमध्ये तीन नवी पिले आहेत, आणि मेमध्ये नातू सुट्टीला येणार आहे.

तेव्हा मी खण उघडला आणि सगळे सांगितले. आजींनी घुंगरू हातात घेतले नाही, नुसते पाहिले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, “मी वाटी ठेवायचे तेव्हापण तिला दुखत असेल का हो?”

मी म्हणाले, “हो आजी, दुखत असणार.”

दुसरे काही सांगता आले असते का, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. मांजरे दुखणे लपवतात, ते कोणालाही दिसले नसते, असे म्हणता आले असते आणि ते खरेही आहे. पण दीड वर्षात एवढ्या माणसांपैकी एकानेही तिला उचलून पाहिले नव्हते, हेही खरे होते. आजी चिठ्ठीची घडी घालून उठल्या. वजनकाट्यावर ३.१ किलो भरलेल्या मनीला त्या नेहमी खांद्यांना धरून उचलत असत. त्या दिवशी त्यांनी एक तळहात छातीखाली सरकवला, डावा पाय अलगद सावरला आणि मग तिला कुशीत घेतले.