दादरला 30 मीटर पाणी

पावसाळा तोंडावर आला की चावीचं घड्याळ वापरणाऱ्यांना 'पावसात हे घालू नका, आत पाणी जाईल' असे सल्ले मिळायला लागतात. सेलवाल्यांना कुणी काही म्हणत नाही. जणू पाणी शिरण्याआधी आत सेल आहे की स्प्रिंग, याची चौकशी करतं! पाणी अडवायचं काम यंत्राचं नाहीच, ते बाहेरच्या डबीचं. डबी घट्ट असेल तर आत काहीही टिकटिकू दे. ती सैल असेल तर दोन्ही घड्याळं जातात. सेलवालं बहुधा लगेच बंद पडतं. चावीचं मात्र आतून गंजत असतानाही बरेच दिवस इमानेइतबारे वेळ दाखवत राहतं, आणि मालक खुशीत असतो.

त्या खुशीला डायलवरचा 'वॉटर रेझिस्टंट'चा आकडाही कारणीभूत आहे. 30 मीटर! दादरच्या हिंदमाताला पाणी कितीही तुंबलं तरी 30 मीटर तुंबत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत पाऊस पडला तो 944 मिलिमीटर, म्हणजे मीटरभरही नाही. तेव्हा माणूस निर्धास्तपणे पोहायच्या तलावात उतरतो आणि घड्याळाच्या दुकानात जाऊन भांडतो. दुकानदार शांतपणे सांगतो, 30 म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे. 50 ला थोडंफार पोहता येईल, रोज तलावावर जायचं तर 100 बघा, आणि पाणबुड्यासारखं खोल जायचं असेल तर आयएसओ 6425 या मानकाप्रमाणे तपासलेलं, स्क्रूसारखी फिरवून बसवायची चावी असलेलं घ्या.

मग 30 लिहिता कशाला? यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: पोहताना हात आपटतो, त्यामुळे दाब कैकपटींनी वाढतो. हे मला कधी पटलं नाही. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने पाण्यात मारला, तरी वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका भरतो. वेग दुप्पट केला, जो माझ्याच्याने होणार नाही, तर पाच मीटर. गोम दुसरीच आहे. तो आकडा नव्या कोऱ्या घड्याळाचा, स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा असतो, आणि घड्याळ नवं कोरं राहत नाही.

म्हातारं होतं ते रबर. काचेभोवती, मागच्या झाकणाखाली आणि चावीच्या दांडीवर बारीक रिंगा असतात. त्यांचं आयुष्य कुकरच्या रिंगेसारखं: दिसायला तशीच दिसते, पण कडक झालेली असते. घाम, साबण, गिझरचं कढत पाणी, परफ्यूम, सगळं तिला खातं. म्हणून पावसापेक्षा मला आंघोळ धोक्याची वाटते. आणि चावीच्या घड्याळात चावीवरची रिंग रोज घासली जाते, कारण चावी रोज द्यावीच लागते. माझ्याकडे एचएमटीचं जनता आहे. 1961 साली सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरात सुरू झालेल्या त्या कारखान्याचं. डायलवर देवनागरीत 'जनता', बाकी पाण्याबद्दल चकार शब्द नाही. प्रामाणिक घड्याळ!

गिरगावात एक घड्याळजी आहेत. एकदा त्यांनी माझ्यासमोर कुणाचं तरी घड्याळ उघडलं. वरून झकास: काच लखलखीत, काटे चालू. त्यांनी चिमट्याने चावी ओढून बाहेर काढली. सुईएवढी दांडी, तिच्या आट्यांत तपकिरी भुकटी भरलेली. पांढऱ्या कागदावर टिचकी मारली तर तपकिरीची चिमूट पडली. "काका, समुद्राचं पाणी का?" मी विचारलं. "छे हो. हे गृहस्थ फलाटावर पावसात उभे राहून इंडिकेटरशी वेळ जुळवतात." चावी बाहेर ओढलेली असताना 100 मीटरचं घड्याळही उघड्या खिडकीचं घर असतं, हे त्या गृहस्थांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुंबईत मात्र न भिजताही घड्याळ भिजतं, हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही. जुलैत, दमट हवेत झाकण उघडून तसंच लावलं की ती हवा आत कोंडली जाते. मनगटावर घड्याळ कोमट असतं तोवर काही कळत नाही. एसी लोकलमध्ये चढलं की काच गार पडते आणि तिच्या आतल्या बाजूला धुकं धरतं. कारखान्यातली चाचणी हेच करते: घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आत धुकं दिसतं का बघायचं. आपल्याला ती सोय डिसेंबर 2017 पासून पश्चिम रेल्वेने तिकिटात दिली आहे.

धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरू नका, खिडकीत उन्हालाही ठेवू नका. घड्याळजीकडे न्या, त्याच दिवशी. समुद्राचं पाणी गेलं असेल तर तासांचा हिशेब करा.

ही भीती जुनीच आहे. रोलेक्सने 1926 मध्ये ऑयस्टर हे पाणी न शिरणारं घड्याळ काढलं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू ते घेऊन इंग्लिश खाडीत उतरली. दहा तासांहून जास्त वेळ गारठ्यात काढल्यावर तिला बाहेर घ्यावं लागलं. घड्याळ चालू होतं. कंपनीने डेली मेलच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. पण ते घड्याळ तिच्या गळ्यात होतं, मनगटावर नव्हे, आणि ते नवं होतं.

माझा मावसभाऊ दरवर्षी अनंत चतुर्दशीला चौपाटीवर छातीभर पाण्यात जातो, घड्याळासकट. त्याचं 200 मीटरचं आहे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतो, चावी घट्ट आहे ना बघतो, सगळं शिस्तीत. गेल्या खेपेला मी विचारलं, "रबरं कधी बदललीस?" म्हणाला, "बदलायची कशाला? सासऱ्यांनी लग्नात दिलं तेव्हापासून एकदाही उघडलेलं नाही." त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे.