चिकटपट्टीखालचं बिल

त्या सकाळी माझ्यापुढे आलेल्या फाइलवर नामंजुरीचा शेरा आधीच पडला होता. मी एकदा नजर टाकायची, सही करायची आणि पत्र रवाना करायचं, एवढंच बाकी होतं.

क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे क्लेम तपासणं हे माझं काम. कार्ड बँकेचं असलं तरी ही सोय बहुतेक वेळा विमा कंपनी चालवते, आणि कागद येतात आमच्यासारख्यांच्या टेबलावर. वस्तू त्या कार्डावर घेतलेली असेल तर कंपनीची वॉरंटी संपल्यावर साधारण १ वर्ष तेच संरक्षण पुढे चालू राहतं. तेच, म्हणजे मूळ वॉरंटीत जे बसत होतं तेवढंच. वस्तू हातातून पडून फुटली तर ती यात येत नाही. सगळ्या कार्डांवर ही सोय नसते, आणि असते तिथेही कितीतरी लोकांना तिचा पत्ता नसतो. हक्काचे पैसे असे न मागताच राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

फाइल वॉशिंग मशीनची होती. कंपनीची वॉरंटी २ वर्षांची, फक्त मोटरला १० वर्षांची. मशीन २ वर्षं ४ महिन्यांनी बंद पडलेलं. टेक्निशियनचा लेखी रिपोर्ट जोडलेला होता: मोटर ठीक, कंट्रोल बोर्ड गेला आहे. ‘१० वर्षांची वॉरंटी’ हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं अख्खं मशीनच १० वर्षं सांभाळलं जाणार. खरं तर बिघाड कुठल्या भागात आहे यावर सगळं ठरतं. इथे तो नेमका ४ महिन्यांपूर्वी वॉरंटी संपलेल्या भागात होता.

नामंजुरीची कारणं दोन होती. कार्डाचं खातं बंद आहे, आणि खरेदीचं बिल वाचता येत नाही.

आम्ही प्रती मागतो, पण या गृहस्थांनी मूळ कागदच पाठवले होते. वॉरंटीच्या पुस्तिकेच्या आतल्या पानावर बिल चिकटवलेलं होतं. हरवू नये म्हणून कुणीतरी वरून खालपर्यंत पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, अगदी सुरकुती न पडू देता. आणि त्या पट्टीखाली कागद कोरा होता. दुकानातली अशी बिलं शाईने छापलेली नसतात. कागदावर रसायनाचा थर असतो, तो उष्णतेने काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. चिकटपट्टीचा गोंद तीच अक्षरं हळूहळू खाऊन टाकतो. पट्टी जिथे पोचली नव्हती त्या उजव्या कडेला तेवढे तीन-चार आकडे शिल्लक होते. बाजूला बॉलपेनने, वळणदार अक्षरात खरेदीची तारीख आणि ‘वॉरंटी इथपर्यंत’ असं लिहून पुढे दुसरी तारीख.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला ‘बिल नाही’ असं कळवायला माझा हात धजेना. मी फोन लावला.

“काका, हे कार्ड आता बंद दिसतंय. कधी बंद केलंत?”

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, “कार्ड माझ्या मिसेसचं होतं, ताई. मशीन तिनेच घेतलं. ती गेल्यावर मी बँकेला कळवलं, त्यांनी खातं बंद केलं. तेव्हा काही चुकलं का माझं?”

काही चुकलं नव्हतं. मी त्यांना फोनवर थांबायला सांगितलं नाही, संध्याकाळपर्यंत फोन करते म्हणाले आणि त्या कार्डाच्या अटी पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. आमच्या स्क्रीनवर खातं ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच दिसतं. शेवटच्या भागात, सर्वसाधारण नियमांत, ते कलम सापडलं: खातं बंद होण्याआधी केलेल्या खरेदीला संरक्षण लागू राहील, इतर अटी पूर्ण होत असतील तर. मी ते अधोरेखित करून वरिष्ठांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि शेरा खोडला.

मुदतीचा प्रश्न होता. या कार्डाच्या अटींप्रमाणे बिघाड झाल्यापासून ६० दिवसांत कळवायचं असतं. काकांचा पहिला फोन अठराव्या दिवशीच नोंदलेला होता. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते: कागद जमेपर्यंत थांबू नका, आधी कळवून ठेवा. कागदांना वेगळी मुदत मिळते.

राहिलं बिल. कार्डाचं स्टेटमेंट रक्कम आणि तारीख सांगतं, पण त्या रकमेत काय घेतलं ते सांगत नाही, म्हणून वस्तूचा तपशील असलेलं बिल लागतंच. मी काकांना म्हटलं, दुकानात जा, खरेदीची तारीख आणि कार्डाचे शेवटचे ४ आकडे सांगा, त्यांच्या नोंदीतून बिल पुन्हा छापून मिळतं का बघा. तारीख पुस्तिकेत होती, आकडे स्टेटमेंटवर. ती स्टेटमेंटंही काकूंनी महिन्यावार लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी नव्या बिलाचा फोटो आला. जुन्या बिलाच्या कडेला उरलेले आकडे मी त्याच्याशी ताडून पाहिले. जुळत होते.

क्लेम मंजूर झाला. दुरुस्तीचा खर्च कार्डावर भरलेल्या किमतीपेक्षा कमी होता, त्यामुळे तो पूर्ण मिळणार होता. पैसे त्यांच्या नावावर जाण्यासाठी वारसाचे कागद तेवढे लागले, आणि खराब बोर्ड टाकून देऊ नका, तपासणीला मागवला जाऊ शकतो, हेही सांगितलं.

मी रक्कम सांगितली तेव्हा ते “बरं” म्हणाले. मग विचारलं, “ती पुस्तिका परत मिळेल ना?”

पुस्तिका वाकू नये म्हणून मी तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावला आणि त्याच दिवशी कुरिअरने पाठवली. चिकटपट्टी होती तशीच ठेवली.