धावायच्या आधीचं खाणं आदल्या रात्री होतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. इंदूरला राजेंद्रनगरात भाजी घेताना भेटणाऱ्या मावशींपासून नेहरू स्टेडियमवर नव्याने येऊ लागलेल्या मुलांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: सकाळी धावायला जाताना काय खाऊन निघता? उत्तरात पदार्थाचं नाव हवं असतं. केळं म्हणा, खजूर म्हणा, भिजवलेले बदाम म्हणा. मी मात्र आधी उलट विचारते, काल रात्री काय जेवलात आणि किती वाजता?

कारण सांगते. आपण खातो त्या भात-पोळीची साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी राहतो. स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. रात्री आपण झोपतो तेव्हा यकृतातला साठा हळूहळू उतरतो, कारण मेंदूला अखंड साखर लागते. स्नायूंतला साठा मात्र जवळपास तसाच राहतो. पळायला मुख्यतः तोच लागतो. एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक कॅलरी जाते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला पाच किलोमीटरसाठी 300 कॅलरी पुरतात आणि एवढं इंधन रात्री नीट जेवलेल्या माणसाच्या पायात सकाळी असतंच. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाच्या आरामशीर धावण्यासाठी पहाटे उठून काही खायलाच हवं असं नाही. तोंड धुवा, पाणी प्या आणि निघा.

आता आपल्या गावाची गोष्ट. इंदूरला रात्रीचं खाणं म्हणजे सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे भुट्ट्याचा कीस, गराडू नावाचा कंद, साबुदाण्याची खिचडी, मालपुवा, रबडी सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतरही चालतं. मला सराफा मनापासून आवडतो. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच नेतो. पण तळलेला गराडू आणि तुपातला मालपुवा रात्री बारा वाजता खाल्ला, तर पहाटे पाचला तो अजून पोटातच असतो. चरबीमुळे जठर सावकाश रिकामं होतं. त्यात धावायला लागलं की रक्त पायांकडे वळतं आणि आतड्यांकडे जाणारं कमी होतं. मळमळ, कळ, मध्येच शौचाला जावंसं वाटणं हे बहुतेक वेळा इथून येतं. लोक मात्र सकाळच्या केळ्याला दोष देतात. सराफ्याची रात्र आणि लांब धावण्याची सकाळ एकामागोमाग येऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग आदल्या रात्री काय? आपल्या मराठी घरात जे रोज होतं तेच. गरम भात, साधं वरण, चमचाभर तूप, लिंबू. नाहीतर मऊभात आणि मेतकूट, सोबत थोडं दही. आजारी माणसाचं जेवण म्हणून मुलं नाक मुरडतात, पण पहाटे पळणाऱ्यासाठी ते उत्तम आहे: पिष्टमय भरपूर, चरबी बेताची, तिखट नाही, मीठ आहे. आठ-साडेआठला जेवून झालं की सकाळी पोट हलकं आणि पाय भरलेले. भरपूर पालेभाजी, राजमा, छोले हे सगळं चांगलंच, पण ते दुपारच्या जेवणात घ्या. चोथा जास्त असला की सकाळी त्रास होतो.

सकाळी काही खाल्ल्याशिवाय ज्यांना चक्कर आल्यासारखं वाटतं त्यांनी निघण्याआधी अर्धा तास अर्धं-एक केळं किंवा दोन-तीन खजूर खावेत. एका मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात, तेवढे पुरतात. गुळाचा खडा आणि पाणी हेही चालतं. भिजवलेल्या बदामांबद्दल घरोघरी फार श्रद्धा आहे. चार-पाच खाल्ल्याने बिघडत काही नाही, पण त्यांत मुख्यतः चरबी असते, धावायला लगेच लागणारी साखर फारशी नाही. ते परत आल्यावर खा.

चहाचंही विचारता. कॅफीनने धावणं थोडं सोपं वाटतं, हे खरं आहे, आणि त्याचा अंमल साधारण पाऊण-एक तासात चढतो. ज्यांना रिकाम्या पोटी दुधाच्या चहाने जळजळतं त्यांनी तो टाळावा, किंवा कोरा घ्यावा.

आणि पोहे! यावर वाद होणारच. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर राहतात, तेल बेताचं, बडीशेपेचा वास, वर लिंबू. नुसते पोहे धावण्याआधी फार चांगले. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांतून चाळीस ग्रॅमच्या जवळपास पिष्टमय पदार्थ मिळतात आणि ते पचायलाही हलके. अडचण वरच्या शेवेची, कच्च्या कांद्याची, मुठीने टाकलेल्या जीरावन मसाल्याची आणि शेजारी ठेवलेल्या जलेबीची आहे. म्हणून रविवारी पंधरा किलोमीटर धावायचं असेल, तर मी निघायच्या दोन तास आधी घरी वाटीभर पोहे करते, शेव-कांद्याशिवाय. ठेल्यावरची जलेबीसकटची प्लेट धावून झाल्यावर, रेसिडेन्सी भागातल्या झाडांखालून परतताना. तेव्हा शरीराला साठा भरून हवाच असतो, त्यामुळे ती मनात काही न आणता खा.

लांब पल्ल्याचा हिशेब वेगळा आहे. दीड तासाहून अधिक धावणार असाल तर सकाळचं खाणं हवंच: निघण्याआधी जितके तास हाताशी, तितके ग्रॅम पिष्टमय दर किलो वजनामागे, असा साधा आडाखा आहे. दोन तास असतील तर 60 किलोच्या माणसाला सुमारे 120 ग्रॅम. शिवाय धावताना दर तासाला 30 ते 60 ग्रॅम. मी खिशात खजूर ठेवते, कोणी धावणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या गोड जेलची पाकिटं ठेवतात. थंडीतल्या शर्यतीत 21 किलोमीटर धावणाऱ्यांनी हे आधीच्या रविवारी पिपलियापाल्याच्या उद्यानात करून बघावं, म्हणजे पोटाला सवय होते.

संकष्टीला किंवा एकादशीला धावायचं असेल तर रताळं उकडून घ्या. साबुदाण्याची खिचडी पिष्टमय आहे खरी, पण दाण्याचं कूट आणि तूप तिला जड करतं. ती परतल्यावर.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी वरचं रिकाम्या पोटाचं काहीच लागू नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर धावताना साखर एकदम खाली जाऊ शकते. भाजी घेताना भेटणाऱ्या मावशी, तुम्ही निघायच्या आधी साखर मोजा. 90 mg/dL च्या खाली असेल तर आधी खा, थांबून पुन्हा मोजा आणि मगच बाहेर पडा. खिशात ग्लुकोजची पुडी आणि सोबतीला कोणीतरी असू द्या. गोळीची वेळ बदलायची की नाही, ते या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना विचारा, तोपर्यंत आपण दोघी मैदानाला चालतच फेऱ्या मारू.